टप्पा दोन

वहिनींचा, म्हणजे माझ्याबरोबर काम केलेल्या परबच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी साकीनाक्याच्या ऑफिसचा जिना चढत होते. खाली घरघरणाऱ्या लेथ मशीनचे गाळे, वर आमचं ऑफिस, त्यामुळे जिन्यात कुणाचं काही ऐकू येत नाही. मी "हॅलो, हॅलो" करत वर पोचले, दार लावून घेतलं, तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला. अगदी रोजचाच आवाज. "नीला, हे गेले गं सकाळी. चहा ठेवला होता, द्यायला गेले तर..." परबचा श्वास वर्षभर ऑक्सिजनच्या मशीनच्या नळीवर चालला होता, आज ना उद्या हा फोन यायचाच होता. तरी फोन ठेवल्यावर मी पहिलं काय केलं, तर त्याच्या टेबलाजवळच्या पंख्याचं बटण बंद करायला गेले. ते वर्षभर बंदच होतं.

संध्याकाळी चारकोपला सगळं आटोपलं. माणसं चपला शोधत होती, तेव्हा आमचे संचालक माझ्याजवळ आले. झाडं लावण्याचं नियोजन करून देणारी आमची छोटी संस्था आहे, तिचे ते प्रमुख. डोळे भरलेले होते, आणि ते नाटक नव्हतं. म्हणाले, "नीला, परबसाठी काहीतरी मोठं करायचं. टेकडीचा मागचा सगळा उतार साफ करून घेऊ, जुलैत हजारो रोपं लावू, त्याच्या नावानं स्मृतिवन उभं करू. टप्पा दोनचं त्याचं स्वप्न राहूनच गेलं बिचाऱ्याचं." मी मान हलवली. पण टप्पा दोन हे परबचं स्वप्न नव्हतंच. त्या उतारावर कुणी पाऊल ठेवू नये म्हणून त्यानं इतकी वर्षं लावून ठेवलेलं ते कुलूप होतं. आणि आता त्याच्याच आठवणीखातर ते फोडलं जाणार होतं.

पुढे जाण्याआधी सांगून टाकते. परब हे त्याचं आडनाव नव्हे. टेकडी मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यात कुठेतरी आहे, यापलीकडे मी काही लिहिणार नाही. नावं, पत्ते, एखादं दुखणंसुद्धा मी बदललं आहे. हे ज्या पुरवणीत छापून येईल तिच्यातलं आमचे संचालक फक्त कोडं सोडवतात, तरीही. ज्याच्यावर लिहायला बसले त्याचं नाव लिहायची सोय नाही, असा मृत्युलेख लिहायची वेळ माझ्यावर यावी यात परबला मजा वाटली असती. "बरी अडकलीस," म्हणाला असता.

मी नकाशे काढते. नोकरीला नवी होते तेव्हा संस्थेला ही टेकडी मिळाली. पायथ्याचा कारखाना बंद पडला होता, टेकडी मालकांकडे राहिली होती, आणि तिच्यावर दरवर्षी झाडं लावून दाखवायचं बंधन त्यांच्यावर आलं होतं. परब दहिसरच्या चाळीत वाढलेला, मूळचा मालवणकडचा, वनस्पतिशास्त्र शिकलेला आणि बोलायला फटकळ. पहिल्या दिवशी आम्ही दोघं टेकडीवर गेलो. मी टेप, कागद, सगळं घेऊन तयार, एका ओळीत किती खड्डे बसतील विचारायला लागले, तर हा एका दगडावर बसला. "बस गं. आज काही करायचं नाही." मला वाटलं दमला. मग त्यानं वाळलेलं गवत दोन हातांनी बाजूला केलं आणि आत एक खुंट दाखवला, मुठीएवढा, वरून काळाठिक्कर. त्याच्या बुडाशी दोन कोवळे फुटवे होते. "हा ऐन. मेलेला नाही. ह्याला दरवर्षी सरपणाला तोडतात, दरवर्षी वणव्यात जळतो, आणि दरवर्षी परत वर येतो. खालची मुळं तुझ्या-माझ्याहून म्हातारी असतील. ह्याच्या शेजारी खड्डा मारून तू काय लावणार आहेस, गुलमोहर?"

त्या वर्षी आम्ही एकही झाड लावलं नाही. नुसते जात राहिलो. त्याची कामाची रीतच तशी होती: पहिलं वर्ष बघायचं. पाणी कुठून वाहतं, कुठे थांबतं. गुरं कुठून चढतात. लाकडाला बायका कधी येतात आणि त्यांना दुसरं काय देता येईल. आग कुठल्या बाजूनं लागते, आणि मुख्य म्हणजे, आपोआप काय उगवतंय. जिथं खुंट जिवंत आहेत तिथं लावायचं काही नाही, फक्त हिवाळ्यात गवताची पट्टी काढून आग अडवायची, घाणेरी उपटायची आणि गप्प बसायचं. जिथं काहीच शिल्लक नाही, बी पोचत नाही, तिथंच रोप लावायचं, तेही जवळच्याच रानातल्या बियांचं, आणि मग तीन पावसाळे त्याच्याकडे पोरासारखं बघायचं. "लावणं हे एका दिवसाचं काम आहे. नियोजन म्हणजे पुढचं," असं तो म्हणायचा. मी काढलेल्या पहिल्या नकाशात मागचा सगळा उतार त्यानं हिरवा रंगवायला लावला आणि वर लिहायला सांगितलं: येथे लागवडीची गरज नाही.

संचालकांनी तो नकाशा बघितला आणि शांतपणे परत दिला. "परब, तुमचं बरोबर असेल. पण माणसं फोटोत झाड बघतात, खुंट नाही बघत. मालकांची माणसं टी-शर्ट घालून येणार, त्यांना काय गवत दाखवू? आपण नाही म्हटलं तर दुसरी संस्था तयारच आहे. ते जेसीबी लावून टेकडी आठवड्यात साफ करतील." यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, हीच पंचाईत. परब दोन दिवस टेकडीवरच होता. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "नवा नकाशा काढ. रस्त्याच्या कडेची पट्टी टप्पा एक. मागचं सगळं टप्पा दोन, प्रस्तावित. तिरक्या रेघा मार."

असा तो सौदा झाला, आणि त्यात परब जो अडकला तो कायमचा. दर जुलैत रस्त्याच्या कडेला मांडव पडायचा. खड्डे आधीच खणून, लाल माती भुसभुशीत करून ठेवलेली. पाहुण्यांसाठी चंदेरी रंग दिलेलं, दांड्याला लाल रिबीन बांधलेलं एक फावडं. परब पहिल्या खड्ड्यापाशी उभा राहून ते फावडं पाहुण्यांच्या हातात द्यायचा, पाहुणे चिमूटभर माती ढकलायचे, फोटो, वडापाव, चहा, झालं. त्या पट्टीत हातभर खाली सगळा कातळ. टँकरनं पाणी घालूनसुद्धा मे महिन्यापर्यंत निम्म्याहून जास्त रोपं माना टाकायची, आणि पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत नवी रोपं यायची. ऑफिसात त्या खड्ड्यांना आम्ही पाहुण्यांचे खड्डे म्हणायचो. मागच्या उतारावर यायला मात्र कुणाला सवडच व्हायची नाही. टप्पा दोन का लांबला याचं कारण परब दरवर्षी नवं काढायचा. यंदा माती तपासायची राहिली. यंदा हवी ती रोपं नाहीत. यंदा उतारावर दगड सुटतायत, पाहुण्यांना धोका नको. खोटं बोलायला न येणारा माणूस जुलै जवळ आला की थापा शोधत बसायचा.

एकदा मी त्याच्याशी कडकडून भांडले. म्हटलं, "अरे, सरळ कागदावर लिही ना की मागे जंगल येतंय म्हणून. डोक्याइतका उंच ऐन झालाय, कुडा फुललाय. दाखव ना लोकांना." तो हसला नाही. "आणि मग? जंगल आहे म्हटलं की मालक घाबरणार. सरकार आज झाडाला हात लावू देणार नाही, उद्या जमिनीला, म्हणून ते आधीच सपाट करून मोकळे होतील. आणि मोकळी जागा म्हटली की हे आपले टी-शर्टवाले वर चढणार. म्हणून ती जागा धड जंगल नाही, धड मोकळी नाही. ती टप्पा दोन आहे. कळलं तुला?" मला कळलं, आणि राग अजूनच आला. बाहेर त्याचं काय नाव झालं होतं ते मला ठाऊक होतं. झाडांसाठी खरोखर झटणारी मंडळी त्याला 'फोटोवाले परब' म्हणायची. अंधेरीच्या एका कॉलेजात त्याला भाषणाला बोलावलं, तिथं एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, गेल्या वर्षी लावलेली झाडं कुठे आहेत?" सगळा हॉल हसला. परब "चुकतं आमचं" एवढंच म्हणून खाली बसला. ज्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं, त्या प्रश्नावर तो मान खाली घालून बसला होता. परत येताना रिक्षात म्हणाला, "पोरगी हुशार होती रे." मला रे म्हणाला, एवढा तो त्याच्या तंद्रीत होता.

त्याच सुमाराची एक गोष्ट आठवते. पहिल्या ओळीतलं एक वाळलेलं रोप त्यानं ओढलं, तर ते अलगद हातात आलं. लावून बराच काळ झाला होता, पण मुळं अजून पिशवीच्या आकाराचीच, गोल गोल फिरलेली, स्वतःभोवती गुंडाळलेली. नर्सरीत रोप पिशवीत फार दिवस राहिलं की असं होतं. परब ते हातात फिरवत राहिला. "बघ, पिशवी फाडून मोकळ्या जमिनीत ठेवलं, तरी हे आपलं गोलच फिरतंय..." मग रोप बाजूला ठेवून म्हणाला, "आपलं पण तसंच झालंय गं." मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली. आणखी काय करणार होते.

त्याला मोकळी जमीन समोर दिसत होती, हे त्यातलं जास्त दुखणारं. मालवणकडे वहिनींच्या वाट्याला दोन खोल्या आणि मागे काजूचं थोडं रान आलं होतं. गावच्या लोकांना उजाड सड्याखालच्या, म्हणजे कातळाच्या पठाराखालच्या, उतारावर पुन्हा रान आणायचं होतं, आणि त्यांनी परबला बोलावलं होतं. मांडव नाही, फावडं नाही, हवं तसं काम. "तिथं मी एक फोटो न काढता रान उभं करीन," असं तो म्हणायचा, आणि वहिनींच्या डोळ्यांत तेवढ्यापुरता दिवा लागायचा. त्यांना मुंबईचा वीट आला होता. लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला, समोर दुसरी इमारत, खिडकीला जाळी, जाळीला कपडे. दर मे महिन्यात त्या विचारायच्या, "मग पावसाआधी गावच्या घराची कौलं चाळून घ्यायला सांगू काय?" आणि परबचं ठरलेलं उत्तर: "यंदा नको, पुढच्या वर्षी बघू." यंदा टेकडीला वणवा लागलाय. यंदा मालकांचा नवा माणूस आलाय, त्याला वर चढायची हौस आहे. तो गेला असता तर त्याच्या खुर्चीवर बसणाऱ्यानं पहिलं काम टप्पा दोनचंच केलं असतं, हे त्याला माहीत होतं. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "माझी सवत ती टेकडी. घरात नाय येत, पण घर तीच चालवता."

मग त्याची छातीच बिघडली. निवृत्त होऊनही तो ऑफिसात येत होता, तेही बंद झालं, आणि शेवटचं वर्ष त्यानं चारकोपच्या त्या खोलीत काढलं. तीन मजले उतरायचे म्हणजे खुर्चीत बसवून चार माणसांनी उचलायचं, ते त्याला नको होतं. मशीनची नळी जेवढी लांब तेवढंच त्याचं जग, पलंगापासून गॅलरीपर्यंत. गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे ते चंदेरी फावडं ठेवलेलं असायचं, ऑफिसात गंजतं म्हणून तो ते घरीच ठेवायचा आणि अधूनमधून खोबरेल लावून पुसायचा. मी टेकडीवर गेले की फोनवर व्हिडिओ काढून न्यायची. मी पळसाची फुलं काढायची, वरचा डोंगर काढायची, तर हा वैतागायचा. "वर काय दाखवतेस, खाली दाखव. जमीन दाखव. पानं कुजतायत का बघू." शेवटच्या भेटीत, मे महिन्यात, दोन शब्दांमध्ये थांबत थांबत त्यानं एवढंच विचारलं, "यंदा... आग?" "नाही लागली," म्हटलं. "मग बरं." मी उठले तर हात धरून म्हणाला, "जुलैत पहिल्या खड्ड्यापाशी कोण उभं राहील गं?" मी म्हटलं, "तूच रे, दुसरं कोण." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हात सोडला.

शोकसभा अंधेरीच्या एका हॉलमध्ये झाली. पडद्यावर परबचा मोठा फोटो होता, अर्थातच पहिल्या ओळीतला, हातात फावडं. संचालक मनापासून बोलले आणि मग त्यांनी ते जाहीर केलं. मागचा उतार, स्मृतिवन, त्याच्या नावाची पाटी, मालकांनी आनंदानं दिलेली मंजुरी, आणि वहिनींच्या हस्ते पहिलं रोप. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत हात मांडीखाली दाबून बसले होते. उठून खरं सांगावं, तर मालक समोरच बसलेले, म्हणजे उतार त्या बाजूनं जातो. गप्प बसावं, तर या बाजूनं जातो. इतकी वर्षं परब रोज या दोन भिंतींमध्ये उभा होता, हे मला ऐकून माहीत होतं. अंगावर ते त्या दिवशी पहिल्यांदा आलं.

वहिनींना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या जागेवरून उठताना खुर्चीच्या पाठीला धरून उठल्या, मग एक हात गुडघ्यावर ठेवला. "साहेब, तुम्ही यांच्यासाठी एवढं करताय, बरं वाटलं. पण माझे गुडघे गेलेत. मला चढ झेपायचा नाही."

संचालक म्हणाले, "त्याची काळजी नको वहिनी, जेसीबीनं वरपर्यंत कच्चा रस्ता काढून घेऊ. गाडी थेट वर जाईल."

मी डोळे मिटले.

"नको," वहिनी म्हणाल्या. "हे कुठे उभे असायचे? ह्या फोटोत आहेत तिथंच ना? रस्त्याच्या कडेला, पहिल्या खड्ड्यापाशी. मी तिथंच उभी राहीन, पाटीही तिथंच लावा. वर कुठेतरी लावलीत तर माझ्यासाठी ती त्यांची जागाच नव्हे, मी येणार नाही. रस्त्याकडेला लावलीत तर दरवर्षी येईन. मी आहे तोवर असंच करा, तेवढं एक मागते." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. शोकसभेत विधवा बाईला कोण नाही म्हणणार? संचालक स्वतः पुढे होऊन त्यांना हाताला धरून खाली बसवायला आले. मालकांपैकी कुणीतरी म्हणालं, "ठीक आहे, टप्पा दोन नंतर बघू." नंतर बघू हे शब्द मला इतके गोड आयुष्यात कधी लागले नव्हते.

जुलैत मांडव पडला. पाटी लागली, लोखंडी, हिरवी, त्याचं खरं नाव असलेली, सगळ्यांत वाईट मातीत. वहिनी खुर्चीवर बसून होत्या. नाव पुकारल्यावर माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या, चंदेरी फावड्यानं चिमूटभर माती ढकलली, फोटो झाला. त्यांच्यामागे उतारावर ऐन, कुडा, पळस, करवंदीच्या जाळ्या, सगळं दाट उभं होतं, आणि एवढ्या माणसांपैकी कुणीही तिकडे बघत नव्हतं. मी बघितलं, वहिनीही मान वळवून बघत होत्या. त्या टेकडीवर त्या कधीच गेलेल्या नव्हत्या, आणि आता जायची सोयही राहिली नव्हती.

संध्याकाळी मी त्यांना चारकोपला सोडलं. इमारतीच्या दारातून आत गेलो, जिन्यात दुसरं कुणी नाही असं बघून त्यांनी माझ्या हातातलं फावडं घेतलं, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, आणि तीन मजले त्या माझ्यापुढे तरातरा चढून गेल्या. मी धापा टाकत वर पोचले तेव्हा कुलूप उघडून झालं होतं. "वहिनी, तुम्हाला सगळं ठाऊक होतं?" मी विचारलं. "इतकी वर्षां जेवताना दुसरा काय ऐकलंय गो मी?" त्या गॅलरीत जाऊन फावड्याची माती धुवायला लागल्या. पलंग तसाच होता, मशीन परत गेलं होतं, भिंतीवर नळीचा खिळा तेवढा राहिला होता. मी विचारलं, "मग आता मालवणला कधी जाताय? कौलं?" त्यांनी नळ बंद केला, पातं पदरानं पुसलं, खोबरेलाची बाटली काढली. त्या पात्याला धार कधी लावलेलीच नाही, पाहुण्यांना लागू नये म्हणून. गावची लावणी पावसातली, तिथलं घर कुठे गळतं ते कळतं तेही पावसात, आणि नेमक्या पावसात त्यांना आता इथं, त्या खड्ड्यापाशी असायला हवं होतं. पात्यावरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "यंदा नको. पुढच्या वर्षी बघू."

त्या हे अगदी परबच्या आवाजात म्हणाल्या असं मला वाटलं. मला रडू फुटलं, इतके दिवस जे आलं नव्हतं ते. त्यांनी मला रडू दिलं, चहा टाकला, फावडं वॉशिंग मशीनच्या मागे त्याच्या जागेवर उभं केलं. मी निघताना दारापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्यामागे तूच गो. तुका चढाक जमता, तां कोणाक सांगू नको."

सोमवारी मी ऑफिसचा जिना कठडा धरून चढले. एक पायरी, थांबायचं, दुसरी पायरी. खाली लेथ चालू होते. संचालक वरून दारात येऊन बघत होते, त्यांनी ओरडून विचारलं, "काय झालं गं?"

"गुडघा," मी म्हटलं.